भाड्याची मंजुरी

"दोन लेडीज, तलासरी," म्हणत कल्पिताने कंडक्टरच्या मशीनवरच्या कोडसमोर फोन धरला. पडद्यावरचं चक्र नुसतंच गरगरत राहिलं. एसटीने गंजाड मागे टाकलं होतं, आणि त्या पट्ट्यात रेंज आपल्या मर्जीने येते नि जाते.

"राहू द्या ताई, पुढे बघू," मुकेश कंडक्टर म्हणाला. एरवी तो असा सोडणाऱ्यातला नव्हता. पण या चिंचणीच्या सासू-सुना कशासाठी निघाल्यात ते डहाणूच्या स्टँडवरच त्याच्या कानावर आलं होतं. झाईच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं होतं. तलासरीच्या सरकारी दवाखान्यात ओळख पटवायला यांना बोलावलं होतं.

काही दिवसांपूर्वी कल्पिताचा नवरा जतीन दोघा खलाशांना घेऊन बोटीवर गेला होता. वारं उठलं तशा बाकीच्या बोटी माघारी आल्या, त्याची आली नाही. तेव्हापासून त्याचा फोन बंद. सासू जमना खिडकीशी पदराचा बोळा तोंडावर दाबून बसली होती.

चढ संपला आणि कल्पिताच्या हातातला फोन वाजला.

"गेले वाटतं पैसे," म्हणत मुकेशने मशीन पाहिलं. मशीन कोरंच होतं. कल्पिता पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. पडद्यावर लिहिलं होतं: जतीन. बसचं भाडं. मंजूर की नामंजूर?

आता हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. चिंचणीत मासळी किनाऱ्याला लागली की ती बाईची. विकायची तिने, पैसा राखायचा तिने. पुरुषाने चहाला पैसे मागायचे तेही तिच्याकडे. पुढे हातात फोन आले आणि ही रीत फोनमध्ये जाऊन बसली. खातं कल्पिताचं, जतीनचा फोन त्याला जोडलेला. त्याने कुठेही कोड स्कॅन केला की हिच्याकडे विचारणा यायची. हिने पिन टाकला तरच पैसे जायचे. बंदरावर जतीनची यावरून यथेच्छ टिंगल व्हायची, आणि तोही दात काढून हसायचा.

"आई," कल्पिता कशीबशी म्हणाली, "जतीनच्या फोनवरून भाडं मागतायत."

जमना ताडकन उठली. "दे गो! माझा पोर बसमध्ये हाय! दे पटकन!"

कल्पिताने नवऱ्याचा नंबर लावला. इतके दिवस बंद असलेला फोन चक्क वाजला. एकदा, दोनदा. मग पलीकडून कुणीतरी कापला. तिने पुन्हा लावला. पुन्हा कापला.

जतीन फोन कापेल? तिचा?

"ताई, पिन टाकू नका," मुकेश हलकेच म्हणाला. त्याला हे बोलणं जड जात होतं. "सापडलेल्या फोनवरून लोक काय काय करतात. फोनला लॉक आहे ना?"

लॉक नव्हतं. खाऱ्या पाण्याने आणि दोरांनी झिजलेला अंगठा फोन ओळखत नाही, म्हणून बोटीवरच्या सगळ्यांनीच फोन उघडे ठेवलेले असतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला बांधलेले. ज्याला सापडेल त्याचे.

म्हणजे कुणीतरी झाईच्या किनाऱ्यावर वाकलं असेल. कमरेची पिशवी सोडली असेल. पुढचं तिला बघवेना. तिने डोळे गच्च मिटले आणि उघडले. विचारणा अजून तिथेच होती. थोड्या वेळात ती आपोआप पुसली जाणार होती.

"दे गो कल्पे," जमना आता रडत होती. "चोर असला तर असू दे. गेले पैसे तर गेले. पण माझा पोर असला तर?"

गाडीतली माणसं माना वळवून पाहत होती. ड्रायव्हरनेही वेग कमी केला. कल्पिताने एक लांब श्वास घेतला आणि नामंजूर दाबलं.

जमनाने तिच्या पाठीत धपाटा घातला. "काय केलंस हे? रस्त्यात उतरवतील ना त्याला!"

"उतरवू देत." कल्पिता म्हणाली. "आई, मंजूर केलं असतं तर पैसे गेले असते आणि तिकडे कोण आहे ते कळलंच नसतं. चोर असेल तर गुपचूप उतरून जाईल. आणि तो असेल तर..."

दोघी फोनकडे बघत राहिल्या. मुकेश दांडा धरून तिथेच उभा राहिला. पुढच्या थांब्याला कुणी बेल मारली नाही, कुणी उतरलं नाही. फोन गप्प होता. जमना मटकन सीटवर बसली.

तेवढ्यात फोन वाजला. कल्पिताने तो कानाला लावला, आणि पलीकडचा आवाज शेजारच्या सीटपर्यंत ऐकू गेला.

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? इंजिन बंद पडून उमरगावच्या किनाऱ्याला लागलो, आता कुठे कुणाचा चार्जर मिळाला, आम्ही तिघं उभे हाव, कंडक्टर डोक्यावर बसलाय, भाडं पाठवायचं सोडून फोनवर फोन काय करतेस? आणि वर नामंजूर?"

"कोण हाय गो?" जमनाने तिचा दंड धरला. "कोण बोलतोय?"

कल्पिताला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने फोन सासूच्या कानाशी नेला.

"तुमचाच आहे, आई. भांडतोय."