खवल्यांच्या आत

“धुतलेत?” डॉक्टरीणबाईंनी वरचा शर्ट नाकाशी नेला आणि टेबलावर टाकला. “अहो, वापरलेला आणा म्हणून फोनवर दोनदा सांगितलं होतं!”

टेबलावर बाबांचे सहा शर्ट होते. इस्त्री केलेले.

“मावशीने दुसऱ्याच दिवशी सगळं धुऊन काढलं,” मुलगी म्हणाली.

पिंजऱ्यात खवले मांजराची मादी गोळा होऊन पडली होती. तोंड, पाय, पोट सगळं आत. पकडलेले प्राणी सोडवून आणायच्या या केंद्रात बाबा तिला रोज स्वतः मुंग्या भरवत. ते गेल्याला पाच दिवस झाले. पाच दिवस ती उघडली नव्हती.

“हिला दिसतं बेताचं. माणूस वासावर ओळखते,” म्हातारा राखणदार म्हणाला. “वाघाला उघडत नाही, ताई, तिथे आमची काय कथा. तुमचे बाबा म्हणायचे, बाईसाहेब रुसल्या की घरच्यापेक्षा भारी.”

मुलगी हसली. हसू अर्ध्यावरच थांबलं.

“फार तर आजचा दिवस काढेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि एकटी नाहीये. पोटात पिल्लू आहे.”

“पिल्लू?”

“त्यांनीच ओळखलं. नुसता हात फिरवून. घरी बोलले नाहीत?”

मुलगी भिंतीला टेकली. मग तिने पर्स उघडली. तळाशी प्लास्टिकची पिशवी होती, दोन गाठी मारलेली. आत निळा शर्ट, चुरगळलेला, कॉलर मळलेली.



“हा मी माझ्यासाठी ठेवला होता,” ती म्हणाली.

गाठी सुटेनात. तिने दातांनी पिशवी फाडली आणि श्वास रोखून धरला.

शर्ट गोळ्याशी ठेवला, शेजारी मुंग्यांचं ताट. बराच वेळ काहीच नाही. मग खवले सरकले. लांबट नाक बाहेर आलं, कॉलरवर थांबलं. दोरीसारखी जीभ ताटात गेली. पुन्हा गेली.

“खातेय,” डॉक्टरीणबाई कुजबुजल्या.

ताट संपल्यावर मादीने शर्ट नख्यांनी पोटाशी ओढला आणि अंग मिटून घेतलं. बाहेर फक्त एक बाही राहिली.

“परत मिळेल ना?” मुलीने विचारलं.

“मिळेल की,” राखणदार म्हणाला. “पण वास हिचा येईल.”

मुलीने वाकून बाहीचं टोक धरलं.

“सोडा, ताई. खवल्यांत बोट सापडेल.”

तिने सोडलं नाही, ओढलंही नाही. आतून हळूच ओढ लागली.