नवाकोरा स्टार्टर

"माल तुमचा खराब, आणि खापर माझ्या डोक्यावर फोडताय, साहेब!" मिस्त्री फोनवर ओरडला. जुन्या ट्रॅक्टरचा बिघडलेला स्टार्टर कंपनीत जमा करून त्याने बदली नवाकोरा आणला होता. बॅटरी भरलेली, वायरी घट्ट, तरी तो नुसता घरघरत होता. मिस्त्रीचं डोकं चालेना.

"फिटिंग चुकलंय तुमचं," कंपनीचे साहेब शांतपणे म्हणाले.

"दादा, हातातलं कसब गेलं तुझं," शेजारी उभी असलेली ट्रॅक्टरची मालकीण, म्हणजे त्याची सख्खी बहीण म्हणाली. "उद्या दुसरा मिस्त्री बघते."

फोन खांद्यात दाबून त्याने स्टार्टर खोलला. वरचा रंग ताजा होता. आतलं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, मात्र तो पुन्हा पुन्हा पुसून बघत राहिला.

"साहेब, हा नवा ना? मग दहा वर्षांपूर्वी तांब्याची नळी कापून मी जुन्या स्टार्टरला बसवलेलं बुश याच्या पोटात कसं आलं? बोला की!"