मिठागरातला भाऊ

उलव्याचे बिल्डर हितेशभाऊ रोज लिंक्डइनवर धंद्यातलं शहाणपण मांडायचे. ते लिहायची त्यांच्या पनवेलच्या ऑफिसात विचुंब्याहून येणारी किशोरी, आणि किशोरीसाठी लिहायचं एआय.

"मशीननं लिहिल्यासारखं वाटतंय," ते एकदा म्हणाले. "माणसाचं वाटू दे. आमच्या मिठागरातलं काहीतरी घाल."

किशोरीने एआयला तेवढंच सांगितलं. क्षणात आठवण तयार झाली. भरतीला मिठागराचा बांध फुटला, तो बुजवायला थोरला भाऊ बुधाजी पाण्यात उतरला आणि वर आलाच नाही. नेतृत्व म्हणजे काय, हे हितेशभाऊ त्या दिवशी शिकले.

हितेशभाऊ एकुलते एक, हे किशोरीला ठाऊक होतं. पण वाचताना तिलाच ते खरं वाटलं. तिने आठवण तशीच टाकली. हजारो लोक हळहळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हितेशभाऊंची आई गुणाबाई नेहमीसारखी डबा घेऊन आली. डब्यात एकच भाकरी होती.

"आज एकच, आजी?"

"बुधाजी जेवला ना."

किशोरी कशीबशी हसली. "कोणी वाचून दाखवलं तुम्हाला?"

"काय वाचून?" गुणाबाईने ओला पदर झटकला. टेबलावर मिठाचे कण पडले. "सकाली दारात उभा व्हता. सगला भिजलेला. जेवला, आन् इचारलंन, जिनं मला बुडवला ती रायते कुठं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"विचुंबं सांगितलं," गुणाबाई म्हणाली. "तुजी आय असंल ना घरी, दार उगडायला?"