न उच्चारलेले दोन शब्द

रावराणे स्लाइड वाचत गेले, तसतसा एकेक शब्द सभागृहाच्या भिंतीवरून पुसला गेला. या भिंतींचा नियमच तसा होता: शब्द उच्चारला की नाहीसा. गावचा झरा विकण्याचा त्यांचा खच्चून भरलेला प्रस्ताव कोरा झाला आणि गावकऱ्यांनी जांभया दिल्या.

मग मनोरमाबाई उठल्या. भिंतीवर झऱ्याचे चित्र आणि खाली दोनच शब्द उमटले: ‘विकायचा नाही’.

“सासूबाई, एवढंच?” सून कुजबुजली.

“मी बोलायला आलेय, सूनबाई, वाचून दाखवायला नव्हे.”

वैशाखातली गुरांची तहान, बाळंतिणींचे पहिले न्हाण, बाईंनी सारे सांगितले. ते दोन शब्द मात्र ओठांवर येऊ दिले नाहीत. शेवटी त्यांनी दरडावले, “बोला, काय करायचं?”

“विकायचा नाही!” सभागृह गरजले.

भिंतीवर नुसता झरा उरला. बाई समाधानाने खाली बसल्या.