काळ्या पाण्याची पाल

१९२२ सालच्या फाल्गुनात हिलाल नंदुरबारला गाडीतून उतरला आणि नावेने तापी ओलांडून ब्राह्मणपुरीला आला. खांद्यावर घोंगडी, हातात भोकं पाडलेली बांबूची नळी. नळीत पाल होती. काळ्या पाण्याच्या बेटावरची. बोटाएवढी, पोपटासारखी हिरवी, पाठीवर कुंकवाचे ठिपके. बराकीत ती त्याच्या तळव्यावरचा गूळ चाटायची. सुटका झाली तेव्हा तिला मागे टाकवेना. तिच्याखेरीज त्याला कोणी उरलंच नव्हतं.

तो निरोप घेऊन आला होता. बेटावरच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर ब्राह्मणपुरीचा उखा महिनाभर तापाने फणफणत होता. प्राण सोडताना म्हणाला, "मन्ही मायले सांगजो."

उखाची माय जमनाबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. दोन्ही डोळे गेलेले. पावलं ऐकून, लेकच आला असं वाटून तिने हात पुढे केले. "उखा? वना का रे?"

हिलालच्या तोंडून निघून गेलं, "हा माय, वनू."

नळीत पाल चुकचुकली. पाल चुकचुकली म्हणजे बोललेलं खरं, म्हणून म्हातारीने जमिनीवर बोट वाजवलं. "सत शे! काय शे रे त्याम्हा?"

त्याने पाल तिच्या तळहातावर ठेवली. म्हातारीने तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चाल, भाकर खाय."

शेजारची गुलाबबाई धावत आली आणि त्याचं तोंड पाहून थबकली. मग तिने म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काळं पानी पीसन गोरा कसा व्हयना रे, उखा?" म्हणाली, आणि दिवेलागणीच्या आत घरोघर फिरून साऱ्या गावाची तोंडं बंद करून आली.

उद्या सांगू, उद्या सांगू, असं हिलाल रोज मनाशी म्हणे. सांगितलं तर म्हातारीचा लेक दुसऱ्यांदा मरणार, आणि आपली माय जाणार. तो शेत नांगरी, तिचे पाय चेपी. आढ्यावरची पाल दुपारी गुळासाठी उतरे, ती थेट म्हातारीच्या हातावर.

तिसऱ्या हिवाळ्यात पाल गारठून मेली. म्हातारीने तिला तुळशीपाशी पुरायला लावलं. गुलाबबाई पुढे लेकीकडे नवापूरला गेली, ती गुपित पोटात घेऊनच. हिलाल त्याच घरात म्हातारा झाला. गाव त्याला शेवटपर्यंत उखाच म्हणालं. जमनाबाई मात्र १९२८ च्या पोळ्याला वारली. त्या सकाळी तिने त्याला जवळ बसवून घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"मन्हा उखा पाल दखी का वरडत घरबाहेर पळे," ती हळूच म्हणाली. "तू तं पहिल्याच दिनले मन्हा हातवर ठेवी. आते तरी सांग पोरा, तुन्हं नाव काय शे?"