तिसरी रिंग

फोनची वायर काढायला इंजिनिअर टेबलाखाली वाकला, तसा नागूअण्णांनी फोनवर हात ठेवला.

“जरा दम खावा. हिचा निरोप यायचा हाय.”

ही म्हणजे अणशी गावची देवकी. सकाळपासून रामनगरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या बाकावर बसून होती, चहासुद्धा नको म्हणाली होती. तिचा नवरा परशू याच ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर क्लीनर. सहा वर्षांच्या पोराला घेऊन तो गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात होता आणि आज पोराचं ऑपरेशन होतं. खूण ठरली होती: फोन दोन रिंग होऊन बंद झाला तर पोर बरं आहे. मग देवकीनं घरी परतायचं, शेजारणीकडे तान्ही ठेवली होती. एकच रिंग होऊन बंद झाला तर असेल तशी गोव्याची बस धरायची.

न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, म्हणून या ऑफिसचे सगळे ड्रायव्हर-क्लीनर रामनगरला असाच निरोप धाडत. तिसऱ्या रिंगआधी फोन उचलायचा नाही, हा नागूअण्णांचा कायदा होता. कारकुनाला दुसरा कसला कायदा करता येतो म्हणा.

इंजिनिअर बेळगावहून आला होता. बरोबर कॉम्प्युटर आणि त्याला फोनची वायर जोडायची मोडेम नावाची एक डबी. बाराच्या ठोक्याला शेठ बेळगावातून फोन लावणार आणि इथल्या गोदामात कुठला माल पडून आहे ते त्यांना तिथं बसून दिसणार, असं ठरलेलं.

“ही डबी लावली तरी फोन वाजंल न्हवं?” अण्णांनी विचारलं.

“वाजेल की. तुमचा फोन आहे तसाच आहे.”

अण्णांनी हात काढला.

पावणेबाराला फोन वाजला. देवकी उठून उभी राहिली. एक रिंग झाली, डबीवरचे दिवे लागले, आतून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मग तोही थांबला.

“येकच,” देवकी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“येक न्हवं गं. ह्या डबीनं उचलला.” अण्णा इंजिनिअरकडे वळले. “शेठ आसतील का?”

“शेठ बाराला करणार. हा दुसऱ्या कुणाचा तरी. पहिल्याच रिंगला उचलायला लावलंय मी हिला.”

“आन् तिसरीला उचलायला लावता येतंय?”

“येतं की. एक आकडा बदलायचा. सांगितलं असतं तर तेव्हाच केलं असतं.”

अण्णांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सगळ्या ऑफिसला घोकून घेतलेला कायदा नेमका या माणसाला सांगायचा राहिला होता. इंजिनिअरनं आकडा बदलला. मग तिघंही फोनकडे बघत बसले.

बाराला फोन वाजला. एक. दोन. देवकीनं तोंडावर पदर दाबला. आता थांब, आता थांब, अण्णा मनात म्हणत होते. तिसरी रिंग झाली, डबी किंचाळली आणि स्क्रीनवर अक्षरं धावू लागली.

“लागलं बेळगाव,” इंजिनिअर खुशीत मागे रेलला. “शेठना गोदाम दिसतंय बघा.”

शेठचं बघून होईपर्यंत लाईन अडकलेली राहणार, हे अण्णांना कुणी सांगायला नको होतं.

“परशू परत करंल गं,” ते म्हणाले. “थांब वाईच.”

देवकीनं मान हलवली. “न्हाई करायचं. त्येनी उभ्या जन्मात फोनवर बोलल्यालं न्हाईत. हिकडनं कुणीतरी उचलला, म्हंजी निरोप पोचला, आसंच समजून गेलं आसतील.”

बाहेर स्टँडवर अणशीची बस लागली होती. कंडक्टर गाव पुकारत होता. पलीकडे गोव्याची बस धूर सोडत उभी होती. देवकीनं गाठोडं काखेत मारलं, पायरी उतरली आणि तिथंच थबकली.

“अण्णा,” ती वळून म्हणाली, “मग मी आता कुठल्या बसमधी बसू?”