काडीमोडाची नक्कल

"इथे नाही मिळायचं, बाई," खालच्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला. "इथे फक्त लग्नं. घटस्फोट वर, दुसऱ्या मजल्यावर."

लॉरेटाने जिन्याकडे पाहिलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि वेक्सलीच्या या कोर्टाची लिफ्ट तर मार्चपासून बंद होती. एकाहत्तर वर्षांची बाई, चाळीस वर्षं शाळेच्या भोजनघरात उभी राहून पोरांना वाढणारी. गुडघे केव्हाच कामातून गेले होते. कठडा धरून ती एकेक पायरी चढली.

ही तिसरी खेप. पहिल्यांदा ती चुकून शेजारच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात गेली. तिथे कळलं की खटला जिथे घातला, कागद तिथेच मिळणार. दुसऱ्या खेपेला इथे खाली दाराशी ठेवलेल्या कॉम्प्युटरने सांगितलं की लॉरेटा व्होस नावाच्या बाईचा घटस्फोट झालेलाच नाही. आयोवातल्या एवढ्याशा गावात एक काडीमोड सापडू नये म्हणजे कमाल झाली.

वरच्या खिडकीत पन्नाशीची एक बाई होती. लॉरेटाला बघून ती उठूनच उभी राहिली.

"मिस लॉरेटा, ओळखलंत का? मी ट्रूडी. शाळेत शुक्रवारी तुमच्या राजम्याच्या चिलीबरोबर दालचिनीचे दोन रोल हाणायची ती."

"दोन कुठले, तीन. तिसरा खिशात घालायचीस."

ट्रूडी हसली. "काय हवंय? कुणाचा घटस्फोट?"

"माझाच. दुसऱ्या कुणाचा असता तर एवढे जिने चढले असते का मी?"

मग तिने सगळं सांगितलं. तिचा पूर्वीचा नवरा ड्वेन फेब्रुवारीत गेला. ट्रॅक्टरच्या कारखान्यात चाळीस वर्षं राबलेला माणूस, पेन्शन चांगलं घसघशीत. लॉरेटाचं स्वतःचं चिमटीभर, म्हणून तर या वयात अजून वाढायचा डाव हातात. सरकारी पेन्शनच्या कचेरीतली मुलगी म्हणाली होती, घटस्फोट झाला असला तरी लग्न दहा वर्षं टिकलेलं असेल तर त्याचं पेन्शन तुम्हाला लागू होतं. पूर्ण दहा. एक दिवस कमी असला तरी चालत नाही. कोर्टाची शिक्क्याची नक्कल आणा.

लग्नाची तारीख लॉरेटाला पाठ होती, पंधरा जून चौऱ्याहत्तर. काडीमोडाची काही केल्या आठवेना. तिच्याजवळचा कागद तळघरात पाणी शिरलं तेव्हाच गेला. आठवत होतं ते एवढंच, की न्यायाधीश सारखा रुमालाने मान पुसत होता. म्हणजे उकाडा होता. म्हणजे चौऱ्याऐंशीचा जुलैच असणार, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

"खालच्या कॉम्प्युटरवर व्होस नावाने शोधलं असेल," ट्रूडी म्हणाली. "त्या नावाने जन्मात सापडायचं नाही. तेव्हाचं आडनाव काय?"

"केसलर," लॉरेटा म्हणाली. माहेरचं आडनाव परत लावल्यापासून चाळीस वर्षांत तिने ते तोंडातून काढलं नव्हतं.

ट्रूडीने जाडजूड नोंदवही ओढली आणि बोट फिरवायला लागली. "मारझोड करायचा का?"

"छे गं. घुम्या होता नुसता. सगळ्या संसारात नऊ वाक्यं बोलला असेल तर शपथ. एखाद्या कपाटाशी लग्न केल्यासारखं वाटायचं. सुटायचं म्हटलं तर तिथेही अडवणूक. दोनदा तारीख पुढे ढकलली, आणि का म्हणून विचारलं तर गप्प. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी सरळ न्यायाधीशालाच पत्र टाकलं. म्हटलं, हा माणूस माझ्यावर खुन्नस काढतोय, मला मोकळी करा."

"मग?"

"केली की आठवड्याच्या आत." लॉरेटाला त्याचा अजूनही अभिमान वाटत होता.

नंबर सापडला. ट्रूडी तळघरात गेली ती पाऊण तासाने वर आली, हातात मळकी तपकिरी फाइल घेऊन. शेवटचं पान काढून तिने वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मिस लॉरेटा. चार जून चौऱ्याऐंशी."

लॉरेटाने बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. अकरा दिवस कमी भरत होते.

"नीट बघ गं."

"शिक्का आहे त्यावर. मी काय करू?"

लॉरेटा बाकावर टेकली. तिला रडू आलं नाही, नुसता शीण आला, पायांपासून पार डोक्यापर्यंत. म्हणजे सोमवारी पुन्हा साडेसहाला उठून वाढायला उभं राहायचं. आणि पुढच्या सोमवारी, आणि त्याच्या पुढच्या.

"नक्कल काढू का?"

"आता कशाला?"

"मग फाइल तरी चाळा बसल्या बसल्या. एवढ्या चढून आलात." ट्रूडीने फाइल तिच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीत परत गेली.

सगळ्यात वर तिचंच पत्र होतं. तरुण, ठसठशीत अक्षर. खुन्नस या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या. त्याच्या मागे ड्वेनचा तिसरा अर्ज टाचलेला होता. हा तिने कधी बघितला नव्हता. न्यायाधीशाने त्यावर आडवं लिहिलं होतं, पत्नीच्या पत्रावरून नामंजूर. लॉरेटाने चष्मा चढवला. वकिलाने टाइप केलेलं नव्हतं ते, ड्वेनने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं.

"साहेब, पंधरा जूननंतरची कुठलीही तारीख द्या. लग्नाला दहा वर्षं भरली तर म्हातारपणी तिला माझं पेन्शन मिळेल असं वकील म्हणतो. तिला मात्र सांगू नका, माझं म्हटल्यावर ती घ्यायची नाही."